गोवर, मितानिन आणि उरलेली मुलं



  आजचा विषय मी हट्टानं निवडला. बालआरोग्यावर काही व्यापक बोला, असं संयोजकांनी सुचवलं होतं. व्यापक बोलायचं म्हणजे टक्केवारी आली, आणि टक्केवारीत मूल दिसेनासं होतं. म्हणून आज मी एकाच आजारावर बोलणार आहे, गोवरावर. आणि एकाच मुलखातून बोलणार आहे, रायपूर आणि रायपूरच्या आसपासचा छत्तीसगड. तरी मध्येमध्ये टक्केवारी येईल. तिला इलाज नाही.

या सभागृहात साठी ओलांडलेले जे लोक आहेत, त्यांतल्या बहुतेकांना लहानपणी गोवर येऊन गेला असेल. घरात एकाला आला की दहा-बारा दिवसांनी दुसऱ्याला, मग शेजारच्या वाड्यात. दाराला कडुनिंबाचा डहाळा, स्वयंपाकघरात फोडणी बंद, मुलाच्या खोलीत अंधार आणि आजीचा एकच धोशा, गोवर नीट बाहेर पडू दे, आत राहता कामा नये. इथल्या छत्तीसगढी शेजाऱ्यांकडेही तेच. फक्त तिथे ‘माता आली’ म्हणायचे आणि शीतलेची सेवा बोलायचे. पंधरवड्यानं मूल अंगणात खेळायला लागायचं. त्यामुळे आपल्या पिढीच्या मनात पक्कं बसलं आहे की गोवर हा बालपणाचा एक टप्पा, दुधाचे दात पडावेत तसा. ही आठवण खोटी नाही, पण एकतर्फी आहे. ती सांगायला जे वाचले तेच उरले आहेत.

लस येण्यापूर्वी, म्हणजे १९६३ च्या आधी, जगात दर वर्षी सुमारे २६ लाख माणसं गोवरानं मरत. त्यात बहुतेक लहान मुलं. पुरळ आठवड्याभरात मावळतं. मूल दगावतं ते त्याच्या मागून येणाऱ्या न्युमोनियानं, जुलाबानं, क्वचित मेंदूज्वरानं. कान फुटतात. शरीरात अ जीवनसत्त्वाचा साठा आधीच कमी असेल, तर डोळ्यांत फूल पडून कायमचं आंधळेपण येतं. कुपोषित मुलाला गोवर झाला की ते आणखी कुपोषित होतं, आणि मग साधा खोकलाही त्याला झेपत नाही.

आणखी एक गोष्ट अलीकडे सिद्ध झाली, ती मला सगळ्यांत भयंकर वाटते. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा दिसलं की इतर रोगजंतूंविरुद्ध त्यांच्या शरीरानं मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. हे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे गोवर स्वतः निघून जातो, पण जन्मापासून शरीरानं कमावलेली रोगांची ओळख पुसून जातो. गोवर येऊन गेल्यावर पुढची दोन-तीन वर्षं मूल सारखं आजारी का पडतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. अशा मुलाच्या मृत्यूच्या कागदावर न्युमोनिया लिहिलेला असतो. गोवराचं नाव कुठेच नसतं.

आता हा आजार पसरतो कसा ते पाहू. कारण माझं आजचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

१८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवर गेला. तिथे त्याआधीची साथ १७८१ ची, म्हणजे पासष्ट वर्षं गोवराचं दर्शन नाही. वस्ती जेमतेम पावणेआठ हजार. त्यांतले सहा हजारांहून अधिक लोक काही महिन्यांत आजारी पडले. डेन्मार्कच्या सरकारनं पीटर पानुम नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला पाठवलं. तो होडीतून बेटाबेटावर, घराघरात फिरला आणि कोण कुणाला कधी भेटलं हे लिहीत गेला. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण तेरा-चौदा दिवस जातात, हे त्यानं कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय नुसतं विचारून-विचारून शोधलं. आणि त्याला आढळलं की १७८१ मध्ये ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. एकदा आला की जन्माची सुटका. लशीचा सगळा पाया हाच आहे.

फॅरोतला गोवर इतक्या जणांना गाठू शकला, कारण हा हवेतून पसरणारा आजार आहे. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत असतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते चार दिवस नंतरपर्यंत मूल संसर्ग देतं. एक रोगी सरासरी बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, अर्थात भोवतालचे सगळे असुरक्षित असतील तर. आपल्याकडे मातेच्या घरी पाहुण्यारावळ्यांना मज्जाव असतो, ही रीत मी कधीच हसण्यावारी नेली नाही. अलगीकरणाची अक्कल तिच्यात आहे. पण डहाळा बांधला जातो पुरळ उठल्यावर. त्याआधीच्या चार दिवसांत, नुसता ताप, सर्दी आणि लाल डोळे असताना, ते मूल अंगणवाडीत बसून आलेलं असतं.

अशा आजाराला रोखायचं तर शंभरातली पंचाण्णव मुलं सुरक्षित लागतात. आता थोडं गणित. शाळेतलंच आहे, घाबरू नका.

आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात आणि ती लशीलाच निकामी करतात. नवव्या महिन्यातही काही बाळांत ती शिल्लक असतात, म्हणून पहिल्या डोसानं साधारण ८५ टक्के बाळांनाच संरक्षण मिळतं. समजा एका वर्षी जन्मलेल्या हजार मुलांपैकी नऊशेंना पहिला डोस मिळाला. कुठलाही कलेक्टर या आकड्यावर खूश होईल. पण त्या नऊशेंपैकी सुरक्षित झाली ७६५. लस घेऊनही असुरक्षित राहिली १३५, आणि लस न मिळालेली १००. एकूण २३५. आपल्याला चालणार होती जास्तीत जास्त पन्नास.

दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत देतात तो या १३५ साठी. लोक त्याला बूस्टर म्हणतात, पुष्कळ डॉक्टरही म्हणतात. ते चूक आहे. पहिल्या वेळी जी बाळं हुकली त्यांना दिलेली ती दुसरी संधी आहे. ज्यांना पहिला मिळाला त्या सगळ्यांना दुसराही मिळाला, तर १३५ पैकी सात-आठच असुरक्षित राहतात. झकास. पण ती शंभर? ती जिथल्या तिथे. पुढच्या वर्षी आणखी शंभर, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी शंभर. पाच वर्षांत पाचशे लहान मुलं अशी साठतात की ज्यांच्या दंडाला सुई लागलेलीच नाही. ती सगळीकडे सारखी विखुरलेली असती, तर कदाचित निभावलंही असतं. पण ती विखुरलेली नसतात. एकाच वस्तीत असतात, एकाच वीटभट्टीवर, एकाच डोंगरामागच्या गावात. जिल्ह्याची सरासरी नव्वद असताना त्या वस्तीची चाळीस असते. आणि गोवर सरासरी वाचत नाही, तो ती वस्ती शोधून काढतो.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०१० साली जगात गोवरानं सुमारे १ लाख ३९ हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. त्यांतले ४७ टक्के एकट्या भारतातले होते. आपण १९८५ मध्ये गोवराची लस सार्वत्रिक कार्यक्रमात आणली, पण दुसरा डोस सुरू करायला २०१० उजाडलं. तोवर जगातल्या बहुतेक सगळ्या देशांत तो सुरू झाला होता. उशीर झाला, यात वाद नाही. पण मग जे झालं ते दणक्यात झालं. जिथे पहिल्या डोसाचं प्रमाण ८० टक्क्यांहून कमी होतं अशा चौदा राज्यांत नऊ महिने ते दहा वर्षं वयाच्या मुलांना सरसकट लस देण्याची मोहीम घेतली. छत्तीसगड त्या चौदांत होतं. सुमारे बारा कोटी मुलांना लस मिळाली. या मोहिमेनं २०१० ते २०१३ या काळात ४१ ते ५६ हजार बालमृत्यू टळले, असं पुढे एका मोठ्या मृत्यूनोंद-अभ्यासातून निघालं. त्यात फायदा मुलींचा जास्त झाला. का, ते या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही. लशीसाठी मुलाला जितक्या तत्परतेनं नेतात तितक्या मुलीला नेत नसत. मोहीम शाळेत आणि दारात आली, तेव्हा न्यायचा प्रश्नच उरला नाही.

२०१७ पासून गोवरासोबत रुबेलाची लसही त्याच सुईतून मिळू लागली. छत्तीसगडात नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांसाठी ती मोहीम २०१८ मध्ये झाली. रुबेला मुलाला फारसा त्रास देत नाही. गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत झाला, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय बिघडवतो. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, आज एवढंच.

आता आपल्या राज्याचं पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये छत्तीसगडात सगळ्या मूळ लसी मिळालेली मुलं होती ४८.७ टक्के. २०१५-१६ मध्ये ती झाली ७६.४. दहा वर्षांत अठ्ठावीस टक्क्यांची उडी. नव्या, गरीब, जंगलाच्या राज्यानं मारलेली ही उडी आपण रायपूरकरांनी पुरेशी साजरी केली नाही, असं माझं मत आहे. त्यानंतर २०१९-२१ च्या पाहणीत आकडा आला ७९.७. पाच वर्षांत तीन टक्के.

उडी का बसली आणि नंतर गाडी का रेंगाळली? दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे पारा.

रायपूरच्या मराठी मंडळींना पारा म्हणजे काय ते ठाऊक आहे, छापील व्याख्यान वाचणाऱ्यांसाठी सांगतो. इथलं गाव एकसंध नसतं. त्याचे पारे असतात, म्हणजे वाड्या, टोले. एका गावाचे चार-सहा पारे, बस्तरात तर दोन पाऱ्यांमध्ये नाला आणि अर्ध्या तासाची चाल. जातीचे पारे वेगळे, नव्यानं आलेल्यांचा पारा वेगळा. राज्य जन्मल्यावर दोनच वर्षांत, २००२ मध्ये, इथे मितानिन कार्यक्रम सुरू झाला. त्यातला सगळ्यांत शहाणा निर्णय हा होता की आरोग्यसेविका गावाला एक नेमायची नाही, पाऱ्याला एक नेमायची. आणि ती पाऱ्यातल्या बायकांनी निवडायची. नाव घेतलं इथल्या मितान बदण्याच्या रीतीवरून. दोन माणसं जातीपातीपलीकडे जन्माचं मैत्र जोडतात, ती रीत. आज राज्यात सुमारे सत्तर हजार मितानिनी आहेत. देशात आशा कार्यकर्त्या आल्या त्या २००५ नंतर, आणि त्या योजनेनं छत्तीसगडाकडून बरंच घेतलं. फक्त पारा घेतला नाही. तिथे हिशोब हजार लोकसंख्येमागे एक असा आहे.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. गोवराच्या बाबतीत तो निर्णायक आहे. हजार लोकसंख्येची सेविका सहसा मोठ्या वस्तीतली, रस्त्याकाठची असते. उरलेली मुलं नाल्यापलीकडे असतात. पाऱ्याच्या मितानिनीला मात्र यादीची गरज नसते. कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि परत आली तेव्हा बाळ दहा महिन्यांचं होतं, हे तिला ठाऊक असतं. असं बाळ दोन नोंदवह्यांच्या मधल्या फटीत पडतं. माहेरच्या वहीत ‘सासरी गेलं’ आणि सासरच्या वहीत नावच नाही. कुणाला दारू पिणारा नवरा घराबाहेर पडू देत नाही, कुणाच्या पहिल्या मुलाला लशीनंतर ताप आला म्हणून सासू नको म्हणते, हेही तिला ठाऊक असतं. अठ्ठावीस टक्क्यांच्या उडीचं सगळं श्रेय तिला देणं अतिशयोक्तीचं होईल. रस्ते झाले, लस ठेवायचे फ्रीज आले, नर्सदीदी वाढल्या. पण मंगळवारी-शुक्रवारी लसीकरणाच्या सत्राला मुलं आणून बसवली ती तिनं.

आणि मातेचा प्रश्न तिनं जसा सोडवला तसा आमच्यासारख्या शिकलेल्यांना कधी जमला नाही. आम्ही म्हणायचो, ही माता-बिता काही नाही, हा विषाणू आहे. झालं, बोलणं संपलं. ती म्हणते, सेवा करा, कडुनिंब बांधा, पण बाळाला खायला-प्यायला द्या, अंगावरचं दूध तोडू नका आणि अ जीवनसत्त्वाचे दोन डोस चुकवू नका. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस हे डोस द्यायचे असतात. वर्षाच्या आतल्या बाळाला, म्हणजे सहा ते अकरा महिन्यांत, एक-एक लाख युनिट आणि त्याहून मोठ्याला दोन-दोन लाख. डोळे आणि जीव दोन्ही वाचवणारा इतका स्वस्त उपाय वैद्यकात क्वचितच सापडेल. देवीला न दुखावता तो तोंडात पडत असेल, तर वाद घालायचं कारण काय?

मग गाडी रेंगाळली कुठे? जिथे पारा जागेवर राहत नाही तिथे.

भात कापून झालं की छत्तीसगडातली हजारो कुटुंबं बाहेर पडतात. इथे त्याला पलायन म्हणतात. कुणी उत्तर प्रदेशातल्या वीटभट्ट्यांवर, कुणी तेलंगणात, कुणी दिल्ली-जम्मूकडे बांधकामावर. पोरंबाळं बरोबर. परततात पावसाच्या तोंडावर. आणि आपल्या देशात गोवराचा हंगाम कधी असतो? थंडी सरता सरता सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे नेमके तेच महिने मूल आपल्या मितानिनीपासून शेकडो कोस लांब, दाटीवाटीच्या झोपडीत, कुठल्याही यादीत नसलेलं. नवव्या महिन्याचा डोस गावी मिळाला तर सोळाव्या महिन्याचा भट्टीवर हुकतो. किंवा उलट. उरलेल्या वीस टक्क्यांत आळशी आईबाप फार थोडे आहेत. पुष्कळसे तर फक्त प्रवासात आहेत.

त्यात आमच्या, म्हणजे आरोग्ययंत्रणेच्या, बाजूच्या दोन चुका मिसळतात, त्यांविषयी स्पष्ट बोललं पाहिजे.

पहिली चूक कुपीची. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते, पाच किंवा दहा डोसांच्या कुपीत. वेगळ्या द्रावकात ती विरघळवायची आणि त्यानंतर चार तासांत वापरायची. उरली तर फेकून द्यायची. सत्राला दोनच मुलं आली की नर्सच्या मनात येतं, आता कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया जाणार आणि वरचे साहेब विचारणार. मग ती सांगते, पुढच्या शुक्रवारी या. सूचना अगदी उलट आहे: एकच मूल आलं तरी कुपी फोडायची. पुढच्या शुक्रवारी ते मूल रेल्वेच्या जनरल डब्यात असतं. वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. परत पाठवलेल्या मुलाचा जाब विचारणारे फार थोडे.

पण चार तासांचा नियम मोडायचाही नाही, कारण विरघळवलेल्या लशीत जंतूंना रोखणारं काही नसतं. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात या लशीनंतर तीन तान्ही मुलं दगावली. लशीच्या कुप्या नियमाप्रमाणे ठेवल्या नव्हत्या, असं चौकशीत पुढे आलं आणि कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. लस निर्दोष असली तरी ती देणारा हात चुकला की मूल जातं आणि त्या पंचक्रोशीतला विश्वास एका पिढीपुरता जातो. म्हणून शीतपेटी, कुपीवर लिहिलेली वेळ, दर मुलाला नवी सुई, या गोष्टींना मी कारकुनी म्हणत नाही. आयांनी ती वेळ नर्सला विचारावी. नर्सनं रागावू नये.

दुसरी चूक न सांगण्याची. गोवराच्या लशीनंतर सात ते दहा दिवसांनी काही मुलांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळही उठतं. दोन दिवसांत जातं. हे आधी सांगितलं, तर आई निभावून नेते. न सांगितलं, तर रोजावर जाणाऱ्या बाईचे दोन दिवस बुडतात आणि ती ठरवते, पुन्हा सुई नको. तिचा तो निर्णय अंधश्रद्धेतून आलेला नाही. तिनं तिच्यापुरता हिशोब केला आहे, आणि हिशोबाची अर्धी माहिती आम्ही दाबून ठेवली होती.

ज्यांना वाटतं हे सगळं जंगलातलं आणि भट्टीवरचं दुखणं आहे, त्यांनी मुंबईची गोवंडी आठवावी. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीला तिथल्या रफीनगरमध्ये एकाच घरातली तीन मुलं अठ्ठेचाळीस तासांत गेली आणि मग साथ आहे हे शहराच्या ध्यानात आलं. कस्तुरबा रुग्णालयातले वॉर्ड भरले. भिवंडी, मालेगाव इथेही गोवर पोचला. देशातल्या सगळ्यांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीतला हा प्रकार. कारण गूढ नव्हतं. करोनाच्या दोन वर्षांत लसीकरण विस्कळीत झालं होतं. २०२१ मध्ये जगभरातल्या अडीच कोटी बाळांचा पहिला डोस हुकला होता. गोवंडी ज्यात येते त्या एम-पूर्व विभागातल्या दाट, कुपोषित, सारख्या हलवल्या जाणाऱ्या वस्त्यांत अशी मुलं साठत गेली होती. महाराष्ट्र सरकारनं मग साथीच्या भागात नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा डोस दिला. ज्या महाराष्ट्रातून, पुण्याच्या हडपसरहून, ही लस निम्म्या जगाला जाते, त्या महाराष्ट्रात हे घडलं. लस कमी पडली नव्हती. लस आणि मूल यांच्यामधला शेवटचा अर्धा मैल पार झाला नव्हता.

अमेरिकेतल्या नातवंडांविषयीही दोन शब्द, कारण भाषणानंतर कुणीतरी विचारणारच. लशीमुळे स्वमग्नता येते, हा दावा अँड्र्यू वेकफील्ड यांच्या १९९८ च्या निबंधातून आला. तो निबंध नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफील्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदणीतून काढून टाकलं गेलं. तरी तो दावा आपल्या कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अजून फिरतो. २००० साली गोवरमुक्त जाहीर झालेल्या अमेरिकेत २०२५ मध्ये टेक्सासमध्ये मोठी साथ आली आणि तिथे लस न घेतलेली दोन मुलं गेली. तिथे पैसा होता, रस्ते होते, फ्रीज होते. नकार होता. इथे नकार फार कमी आहे, आपलं नशीब समजा. इथली आई लस मागते. तिच्यापर्यंत पोचायचं कुणी, एवढाच प्रश्न.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारनं २०२६ पर्यंत गोवर-रुबेला हद्दपार करण्याची मोहीम जाहीर केली. त्या वर्षीच्या पहिल्या तीन महिन्यांत देशातल्या ३३२ जिल्ह्यांत गोवराचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. आनंद आहे. याआधीचं लक्ष्य २०२३ चं होतं आणि ते हुकलं, हेही लक्षात ठेवू. माझं मत विचाराल तर जिल्ह्याची टक्केवारी जाहीर करणं थांबवावं आणि पाऱ्याची, वॉर्डाची जाहीर करावी. कुठला पारा चाळिसावर आहे हे तहसीलच्या भिंतीवर लिहा. आणि जिथे भट्ट्या आहेत, तिथल्या जिल्ह्यांनी हंगामात भट्टीलाच पारा मानावं. मूल मूळचं कुठलं हे विचारूच नये.

शेवटी आपल्याविषयी, म्हणजे रायपूरच्या मराठी मंडळींविषयी. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. नोकरीच्या, रेल्वेच्या, शिक्षकीच्या निमित्तानं आपले आजे-पणजे इथे आले आणि इथलेच झाले. माधवराव सप्र्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं ते हिंदीत, इथल्या वाचकांसाठी. इथल्या माणसाशी बोलायला आपल्याला कधी भाषेची अडचण पडलेली नाही. आज आपल्यापैकी किती जणांच्या घरावर वरचा मजला चढतो आहे? किती सोसायट्यांच्या आवारात बांधकामाच्या मजुरांच्या झोपड्या आहेत? उरला-सिलतराच्या कारखान्यांत, नवा रायपूरच्या इमारतींवर, आपल्याच फाटकाशी बसलेल्या चौकीदाराच्या खोलीत पाच वर्षांखालची मुलं आहेत. रायपूरमध्ये ‘उरलेली मुलं’ म्हणतात ती हीच. त्यांचा पारा म्हणजे आपला पत्ता, आणि या पाऱ्यावर मितानिन नेमलेली नाही.

तेव्हा विनंती एवढीच आहे. उद्या घरी काम करणाऱ्या बाईंना, मिस्त्रीला, चौकीदाराला त्यांच्या मुलांचं जच्चा-बच्चा कार्ड दाखवायला सांगा. त्यात एमआर (म्हणजे गोवर-रुबेला) पहिला आणि एमआर दुसरा अशा दोन नोंदी आहेत का, पाहा. दुसरी नसेल, किंवा कार्डच हरवलं असेल, तर येत्या मंगळवारी किंवा शुक्रवारी जवळच्या अंगणवाडीत किंवा शहरी आरोग्य केंद्रात मुलाला पाठवा आणि त्या दिवसाची रोजी कापू नका. दोन्ही डोस हुकले असले, तरी पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत महिन्याच्या अंतरानं दोन्ही देता येतात. सरकारी केंद्रात लस मोफत आहे.